वीस सेकंद आणि अर्धा तास

ऑक्टोबरअखेरचा शनिवार. आपल्याकडे पहाटेचे बरोबर 5.30 झाले की 'सीक्यू वर्ल्डवाइड' ही हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची, जगातली सर्वांत मोठी स्पर्धा सुटते. ती थांबते थेट सोमवारी पहाटे 5.30 ला. या 48 तासांत 35,000हून जास्त हॅम मैदानात उतरतात. 35,000! वानखेडे स्टेडियम खच्चून भरलं तरी हजार-दोन हजार लोक गेटाबाहेर उभे राहतील.

आता यांना बसायला जागा किती ते बघा. 14 मेगाहर्ट्झच्या लाडक्या पट्ट्यात बोलायची जागा साधारण 225 किलोहर्ट्झ. आपलं एकटं एफएम स्टेशन गाणी लावायला जवळजवळ तेवढीच जागा खातं! हॅमच्या एका आवाजाला 3 किलोहर्ट्झ पुरतात, म्हणजे खुर्च्या झाल्या 75. स्पर्धेसाठी असे सहा पट्टे आहेत हे खरं, पण सगळे एकाच वेळी चालत नाहीत. वानखेडेभर माणसं आणि मूठभर खुर्च्या!

म्हणून कॉन्टेस्टवाला बसत नाही, धावतो. आधी कॉलसाइन, म्हणजे हॅमचं रेडिओवरचं नाव, मग "फाइव्ह नाइन टू टू". म्हणजे तुझा आवाज खणखणीत येतोय आणि मी 22 नंबरच्या विभागातला, भारतातला. समोरचा आपला आकडा सांगतो. "थँक यू!" पुढचा! चांगल्या जागी मोठे अँटेना लावून बसलेला कसलेला गडी 48 तासांत एकट्याने 8,000 जणांशी बोलतो. म्हणजे झोप-जेवण विसरून दर 21 सेकंदांना नवा माणूस. दोन तुडुंब भरलेल्या लोकलमधल्या जवळजवळ प्रत्येकाला नमस्कार घालण्यासारखंच हे!

आणि दुसरीकडे आपला गप्पिष्ट हॅम. त्याला घाई म्हणून नाही. पाऊस, गुडघा, नातवाची परीक्षा, गच्चीवर नव्याने ताणलेली तार, सगळं बोलून होईतो अर्धा तास सहज जातो. अमेरिकेतल्या हॅम संघटनेने तर अशा अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी चक्क प्रमाणपत्र दिलेलं आहे, आणि मला ते कुठल्याही ट्रॉफीइतकंच मोलाचं वाटतं. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून मुंबईला लागेपर्यंत कॉन्टेस्टवाल्याचे पाचशेवर संपर्क झालेले असतात, गप्पिष्टाचे सहा. त्याने 8,000 संपर्क करायचे ठरवले आणि रोज एक तास बसला, तर लागतील 11 वर्षं!

स्पर्धेच्या शनिवार-रविवारी गप्पिष्ट कुरकुरतो, "काय हा गोंगाट!" पण त्याच्यासाठी घर राखून ठेवलेलं आहे. 10, 18 आणि 24 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर स्पर्धा घ्यायची नाही, हा जगभर पाळला जाणारा रिवाज. 18 वर बोलायच्या खुर्च्या जेमतेम 19, पण तिथे कोणी धक्का मारत नाही.

दोघांच्या हातात जादू मात्र एकच, आणि तिचा आकडा ऐकाच. सेटमधून निघतात 100 वॅट, जुन्या पिवळ्या बल्बइतके. पलीकडे "फाइव्ह नाइन" म्हणण्याजोगा दणदणीत सिग्नल पोचतो तेव्हा हाती पडलेली शक्ती असते त्याच्या दोन लाख कोटींतला एक भाग! रुपयांत बघा: दोन लाख कोटी धाडले, एक रुपया पोचला. पाण्यात बघा: एका विहिरीत दोन लाख लिटर धरलं, तर 500 विहिरी उपसून ओतल्या आणि पलीकडे पडला एक थेंब. त्या थेंबात नातवाची परीक्षा स्पष्ट ऐकू येते!

खरी गंमत रविवारी संध्याकाळी. कॅरिबियन बेटावरचा कॉन्टेस्टवाला 21 मेगाहर्ट्झवर ओरडून घसा बसवून घेतोय. भेटण्यासारखे जवळजवळ सगळे भेटून झालेत. इकडे मुंबईत गप्पिष्ट काका 18 वर निवांत बोलताहेत. "दोन मिनिटं थांब रे, त्या बिचाऱ्याला एक पॉइंट देऊन येतो," म्हणत ते बटण फिरवतात. मध्ये साडेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे नव्वद वेळा. पापणी लवायच्या आत आवाज पोचतो. "फाइव्ह नाइन टू टू."

एक पॉइंट? दुसऱ्या खंडातला संपर्क, म्हणून तीन. पण या स्पर्धेत गुणांना गुणतात ते देशांच्या आणि विभागांच्या संख्येने, प्रत्येक पट्ट्यावर वेगळं मोजून. समजा, त्याचे गुण झालेत 24,000. या पट्ट्यावर भारत त्याला आत्ताच भेटला, म्हणजे गुणक एकाने वाढला: 24,000 जमा! 22 नंबरचा विभागही आत्ताच भेटला: आणखी 24,000! काकांच्या वीस सेकंदांचे 48,000हून जास्त गुण!

पलीकडून थकलेला आवाज अक्षरशः किंचाळतो, "थँक यू, थँक यू इंडिया!" काका बटण मागे फिरवून 18 वर येतात.

"हं, तर गुडघ्याचं काय सांगत होतास?"