पहाटे तीनचा ताफा

जून महिना. जम्मूबाहेरचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प. पहाटेचे तीन वाजलेत, तरी वारा गरमच आहे. उंच खांबांवरच्या दिव्यांनी मैदान पांढरं केलंय. त्या उजेडात गाड्या एकामागे एक लागल्यात. ट्रक, बसगाड्या, पाण्याचा टँकर, सगळ्यात मागं बंद पडलेल्यांना ओढणारी रिकव्हरी. डिझेलचा वास घशात बसतो.

चहाच्या पातेल्यापुढं रांग आहे. कुणी बोलत नाही. रांगेतला एक पोरगा मिटल्या डोळ्यांनीच एकेक पाऊल पुढं सरकतो. पातेल्यापाशी आला की डोळे उघडतो, मग भरून घेतो.

बराकीत डोकावतो. पंखे फिरतात, हवा हलत नाही. भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट. झोप लागायची तर शरीर आतून थोडं निवावं लागतं. इथं ते निवायलाच उशीर होतो. दिवे वेळेवर मालवले तरी खाटांवर मोबाइल उजळत राहतात, कारण घरच्यांशी बोलायची वेळ तीच. ज्याच्यावर पहारा येतो, त्याची रात्र तुकड्यांत जाते. दोन तास उभं राहायचं, चार तास आराम. त्या चारातून बूट काढणं, डोळा लागणं आणि पुन्हा बूट चढवणं वजा करायचं.

बाहेर शिट्टी वाजते. चालक ओळीत उभे राहतात. बहुतेक विशी-पंचविशीचे. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच मागं चालतं. रात्री पेंग उशिरा येते आणि सकाळी सुटतही नाही. पलटणीचं घड्याळ मात्र पन्नाशीच्या माणसाला मानवणारं. सुभेदार साहेबांना चारच्या आत आपोआप जाग येते. पोरांना हलवून उठवावं लागतं.

साहेब रस्ता सांगतात. उधमपूर, चेनानीचा बोगदा, रामबन, बनिहाल. दोन गाड्यांमधलं अंतर सांगतात, वेग सांगतात. मग विचारतात, “नींद पूरी हुई सबकी?”

“हां साहब!”

माझ्या शेजारच्याचा आवाज सगळ्यांत मोठा. ओरडून झाल्यावर तो तळहाताआड जांभई देतो.

तोच माझ्या बसचा चालक निघतो. साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. “मराठी हाय व्हय तुम्ही? मग पुढंच बसा, सर.” त्याच्या डाव्या हाताला हरियाणाचा को-ड्रायव्हर. त्याचं काम बोलत राहायचं.

साडेतीनला इंजिनं एकापाठोपाठ घुरघुरू लागतात. पहिली गाडी फाटकाबाहेर पडल्यावर आमची हलायला बराच वेळ जातो.

शहर मागं पडतं. समोर अंधार आणि पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे. ते जवळ येत नाहीत, लांब जात नाहीत. बघता बघता माझेच डोळे जड होतात. चार वाजून गेलेत. याच सुमाराला शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत खाली असतं आणि माणूस सर्वांत कमी सावध. वेग ताशी ४० किलोमीटर. या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर बस ३३ मीटर पुढं गेलेली असते, कुणीही न चालवता. वळण अलीकडंच संपलेलं असतं.

चालक बडीशेप चघळतो. खिडकी पूर्ण उघडतो. मानेवर पाणी मारतो.

“ह्यानं जाते झोप?”

“पाच मिन्टं. पहाऱ्यावर डुलकी आली तर गुडघा वाकतो, जाग येती. हितं बसल्या जागी येती, कळतबी न्हाय. झोपंला ऑर्डर लागू न्हाय, सर.”

को-ड्रायव्हर म्हशींच्या भावापासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं सांगतो. मधूनच प्रश्न टाकतो. उत्तर यायला जरा उशीर झाला, की मान वळवून चालकाच्या डोळ्यांकडं बघतो.

उधमपूरच्या आसपास डोंगरांच्या कडा दिसू लागतात. उजेड डोळ्यांत शिरतो तसा चालक ताठ बसतो. पण पुढं बोगदा येतो, नऊ किलोमीटरचा. सारख्या अंतरावर सारखे दिवे. को-ड्रायव्हर आवाज चढवतो.

रामबनच्या अलीकडं ताफा थांबतो. पुढं दरड आलीय, रस्ता एकेरी. खाली चिनाब गढूळ वाहते. तासांवर तास जातात. पत्रा तापतो. डब्यांतून पुऱ्या-भाजी वाटली जाते. दोन वाजलेत आणि ओळभर माना डुलतायत. दोष पुऱ्यांचा नाही. उपाशी माणसालाही या वेळी पेंग येते.

पहाटे तीनला उठलेला माणूस रात्री आठला १७ तास जागा असतो. रस्ता सुटला नाही तर ताफा तेव्हाही इथंच कुठंतरी असेल. चालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क कायदा चालवून घेतो. १७ तासांचं जागरण माणसाला ५० मिलिग्रॅमवाल्याइतका मंद करतं. दारू पकडायला तोंडात नळी धरता येते. झोपेसाठी चेहराच बघावा लागतो.

सुभेदार साहेब तेच करतायत. एकेका केबिनपाशी थांबतात, एकेकाला वेगळं विचारतात. इथं कुणी ओरडून उत्तर देत नाही. “थोड़ी आ रही है, साहब,” आमचा चालक म्हणतो.

साहेब रागावत नाहीत. “चाय पी, और बीस मिनट लेट जा.”

चहा अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तो घोटाघोटानं मग रिकामा करतो आणि बसच्या सावलीत आडवा होतो. टोपी डोळ्यांवर. मिनिटभरात घोरतो.

वीस मिनिटांनी त्याला उठवतात. पण लगेच स्टिअरिंग देत नाहीत. तो ताफ्याच्या कडेनं चालून येतो, तोंड धुतो, डोळ्यांतला जडपणा जाईपर्यंत उन्हात उभा राहतो. तोवर चालकाच्या जागी हरियाणाचा गडी बसलाय.

पुढून शिट्टी येते. इंजिनं सुरू होतात.

“आता माझी बोलायची ड्युटी,” तो मला म्हणतो, आणि मोडक्या हिंदीत माणदेशातल्या पाण्याच्या टँकरची गोष्ट सांगायला लागतो.