पेठेचा हंगाम

दिवाळी सरली की कोल्हापुरात फुटबॉलच्या नोंदणीची धावपळ सुरू होते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएकडे, प्रत्येक संघाला आपल्या खेळाडूंची यादी द्यावी लागते. त्या दिवसांत मंगळवार पेठ असो की शिवाजी पेठ, कट्ट्यावर विषय एकच: कोण कुठला संघ सोडून कुठे गेला. त्यानंतर शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते. मग एकामागून एक चषक स्पर्धा लागतात आणि वळवाच्या पावसाने मैदान भिजेपर्यंत हा हंगाम चालतो.

वरिष्ठ गटात सोळा संघ. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार पेठ ही नावं कोल्हापूरकराला घरच्या माणसांसारखी पाठ असतात. खाली आणखी गट आहेत. तिथून वर चढायचं असतं आणि वरच्यांना घसरणीची धास्ती असते. इंग्लंडमधल्या खालच्या विभागातल्या एखाद्या छोट्या गावच्या क्लबाचा हंगाम ज्या ताणात जातो, तोच ताण इथल्या तळाच्या संघांच्या वाट्याला येतो. विजेतेपदाच्या सामन्याला हजारोंची गर्दी होते, पण वरिष्ठ गटात टिकण्यासाठीची झुंज मोजक्याच लोकांसमोर होते. मला या झुंजीतला खेळ अनेकदा जास्त खरा वाटला आहे.

इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली. तिथले क्लब कुठून आले हे पाहिलं तर कोल्हापूर नीट समजतं. ॲस्टन व्हिला प्रार्थनागृहाशी जोडलेल्या तरुणांनी उभा केला. आजचा मँचेस्टर युनायटेड न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा. आधी माणसं एकत्र होती, चेंडू नंतर आला. कोल्हापुरात माणसं तालमीत एकत्र होती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. तालमीत जोर-बैठका होत, गणपती बसे, मोहरमचे पंजेही बसत. पेठेतले तंटे तिथेच मिटत. ही सगळी बांधणी फुटबॉलला आयती मिळाली. म्हणून इथे संघाच्या नावात ‘तालीम’ आहे आणि संघ हरला की अख्खी पेठ हरते.

या बांधणीचं मोल कळायला इंग्लंडमधल्या बरी या क्लबाची गोष्ट आठवावी. १८८५ साली स्थापन झालेल्या, १९०० आणि १९०३ साली एफए कप जिंकलेल्या या क्लबाला ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक दुरवस्थेमुळे फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आलं. सव्वाशेहून अधिक वर्षांचा संसार एका मालकाच्या हिशेबात बुडाला. समर्थकांनी पुढे तो पुन्हा उभा केला, पण फार खालच्या पायरीवरून. कोल्हापुरात क्लबाला मालक नाही. वर्गणी, देणगीदार आणि पुढारी यांच्या आधाराने संघ चालतो. एक आधार सुटला तर पेठ दुसरा शोधते.

मात्र या आधाराची किंमत हल्ली वाढली आहे. सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक या स्पर्धांमुळे मैदान जागतं राहिलं, हे मान्यच. पण बक्षिसांसोबत ईर्षा वाढली आणि ईर्षेपायी बाहेरगावचे, परदेशी खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढ लागली. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, आपल्या पोरांना शिकायला मिळालं. तरी आघाडीची जागा दरवर्षी बाहेरून भरली जात असेल, तर गांधी मैदानावर सकाळी पळणाऱ्या पोराने कशाच्या आशेवर पळायचं? दुसरी जखम हुल्लडबाजीची. प्रेक्षागृहातली खुन्नस रस्त्यावर उतरते, सामने थांबतात, पोरांवर गुन्हे दाखल होतात. नोकरीच्या वयातल्या मुलाला तो एक गुन्हा किती वर्षं छळतो, हे चिथावणी देणाऱ्यांनी एकदा त्याच्या घरी जाऊन पाहावं.

आणि गुणवत्तेची इथे वाण नाही. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला, पण कोल्हापूरच्या पोराला जगाच्या मैदानावर उभं राहिलेलं साऱ्या शहराने पाहिलं. पुढे तो इंडियन ॲरोज आणि जमशेदपूरकडून खेळला. कोल्हापूरच्याच निखिल कदमने मोहन बागानची जर्सी घातली. मुलीही मागे राहिल्या नाहीत. एफसी कोल्हापूर सिटीचा संघ २०१९ मध्ये इंडियन वूमेन्स लीगमध्ये उतरला. पण अनिकेतला घडण्यासाठी लहानपणीच कोल्हापूर सोडावं लागलं. जे शहर विश्वचषकात मेस्सी आणि नेमारचे अजस्र फलक उभारतं, त्या शहराला हे खुपायला हवं.

उपाय अवघड नाही. बाहेरच्या एका खेळाडूवर होणारा खर्च प्रत्येक तालमीने चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या प्रशिक्षकासाठी आणि दुखापतीच्या उपचारांसाठी बाजूला काढावा. चषकाच्या संयोजकांनीही बक्षिसाइतकीच रक्कम लहान गटाच्या स्पर्धेला द्यावी. दिवाळीनंतर नव्या हंगामाच्या याद्या तयार होतील. आपल्या तालमीच्या यादीत आपल्या पेठेची किती पोरं आहेत, हे यंदा प्रत्येक समर्थकाने विचारावं.