तारेतून सूर जात नाही

अमेरिकेत ॲनाहाइमला ‘नॅम’ हे वाद्यांचं प्रदर्शन भरतं. नव्या कीबोर्डात किती वाद्यांचे आवाज, हे सगळे विचारतात. मी आधी वायरी जोडायची मागची बाजू पाहतो. १९८३च्या जानेवारीत इथंच ‘प्रॉफेट-६००’ आणि ‘ज्युपिटर-६’ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड वायरीनं जोडले. एक वाजवला, दुसराही बोलू लागला! ही ‘मिडी’ची करामत. तारेतून सूर जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, एवढाच निरोप जातो. मात्र मींडेसाठी चाक फिरवलं, की त्या चॅनेलवरचे सगळेच सूर घसरतात. आपल्या गाण्याला हे कसं चालावं? २०२० साली आलेल्या ‘मिडी २.०’मध्ये एकच सूर वेगळा वळवायची सोय आहे. नवा कीबोर्ड घेताना दुकानदाराला ती जरूर विचारा.