विहिरींतील विद्युद्घट

नीरा डाव्या कालव्याचें पाणी आल्यापासून बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊंस वाढला. पण त्याबरोबर कित्येक जमिनींत खारही वर आला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांचा निबंध १९१० सालींच प्रसिद्ध केला होता. खारामुळें पीक जातें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कळंबसारख्या नीराकांठच्या गांवीं ज्या विहिरीचें पाणी मचूळ असेल, तेथें पंपाच्या लोखंडासही भय असतें. पितळी फुटव्हॉल्व्हला जोडलेला लोखंडी नळ नेमका सांध्याजवळच कां पोखरला जातो, याचें कारण येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. द्राक्षांसाठीं बोर्डो मिश्रण तयार केल्यावर त्यांत घासलेला लोखंडी चाकू बुडवून पाहण्याची रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असें समजून आणखी चुना घालतात. हा थर म्हणजे मोरचुदांतील तांबेंच होय. पण तें फुकट मिळत नाहीं. लोखंडाचा अणु इलेक्ट्रॉन नांवाचे दोन ऋण विद्युत्कण टाकून पाण्यांत विरघळतो. मोरचुदांतील तांबें ते उचलतें व धातुरूप होऊन पात्यावर बसतें. जितकें तांबें चढतें, त्या मानानें लोखंड झिजतें. म्हणूनच हें मिश्रण लोखंडी किंवा जस्ती बादलींत करूं नये.

येथें ही देवघेव हातोहात होते, म्हणून तींतून कामाची वीज मिळत नाहीं. पण देणारा व घेणारा वेगळे ठेवून मध्यें तार जोडली, तर इलेक्ट्रॉनांस तारेवाटेच जावें लागतें. हाच विद्युत्प्रवाह, व अशा मांडणीसच विद्युद्घट म्हणतात. इंग्लंडांत डॅनिएल यांनीं १८३६ सालीं असा घट सिद्ध केला. त्यांत एकीकडे जस्त, दुसरीकडे मोरचुदाच्या पाण्यांत तांबें, व मध्यें सच्छिद्र मातीचें भांडें असे. त्याचा दाब सुमारें १.१ व्होल्ट भरतो. मातीचें भांडें दोन्ही द्रव एकदम मिसळूं देत नाहीं. पण त्याच्या छिद्रांतून विद्युद्भारित कण ये-जा करतात. हा मार्ग बंद झाला, तर जस्ताकडे धन व तांब्याकडे ऋण भार सांचून प्रवाह तत्काळ थांबतो. सारांश, घटास चार गोष्टी लागतात: देणारा, घेणारा, तार व द्रवांतील वाट.

आतां विहिरीकडे वळूं. लोखंडी नळ हा देणारा. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु हा घेणारा. तो पितळेच्या पृष्ठावर इलेक्ट्रॉन घेतो. नळ व व्हॉल्व्ह यांचा सांधा हीच तार, आणि मचूळ पाणी ही वाट. गोड्या पाण्यांतही ही क्रिया चालते. पण क्षारांमुळें वाट मोकळी होते व झीज वाढते. ती सांध्याजवळ अधिक, कारण तेथें वाट सर्वांत आंखूड असते.

यावरून उपाय उघड होतात. शक्यतों नळ व व्हॉल्व्ह एकाच धातूचे घ्यावे, किंवा प्लॅस्टिकचा नळ वापरावा. दोन धातु जोडणें भागच असेल, तर मध्यें रबराची चकती घालावी व बोल्टांसही रबराचें वेष्टण द्यावें. नाहीं तर बोल्टच तारेचें काम करतील. जस्ताचा मुलामा दिलेला नळ अधिक टिकतो, कारण जस्त लोखंडाच्या आधीं झिजून त्याचें रक्षण करतें. मुलामा संपतांच मात्र तें रक्षणही संपतें. रंग देणें झाल्यास एकट्या लोखंडास देऊं नये. रंगास ओरखडा पडला कीं सर्व झीज त्या एका ठिकाणीं एकवटते व नळास लवकर भोंक पडतें. पितळेसही रंग द्यावा, म्हणजे घेणाऱ्याची जागाच कमी होते.

पुढील वेळीं नळ वर काढाल, तेव्हां सांधा अवश्य तपासावा. तेथें खड्डे दिसल्यास केवळ नवा नळ बसवून भागणार नाहीं. विहिरींतील हा घट मोडला पाहिजे.