पाय टेकण्याची जागा

शहर कुठे संपतं, हे सायकलवाल्याला नकाशा न बघता कळतं. हद्दीची पाटी मागे पडली म्हणून काही फरक पडत नाही. मागून काय येतंय हे वळून न बघता रस्त्याच्या कडेला पाय टेकता आला, की शहर संपलं. माझं माप एवढंच. गेली चाळीसहून जास्त वर्षं मी एकाच रस्त्याला हे माप लावत आले आहे : पाषाण, सूस, नांदे, चांदे, मुळखेड, घोटावडे. पुण्याच्या पश्चिमेचा हा रस्ता. कुठल्याही किल्ल्याला किंवा देवस्थानाला जायला तो लागत नाही, त्यामुळे त्याचं फारसं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

१९८१ साली नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात माझी पहिली सायकल आली. जुनी, हिरवी, लेडीज. चालवायला मात्र मी शिकले होते भाड्याच्या जेन्ट्स सायकलवर, तासाला आठ आणे देऊन, नळीखालून पाय घालून, अर्धंच पायंडल मारत. तेव्हा सायकलला पालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, आणि डबलसीट दिसलं की चौकातला पोलीस शिट्टी मारायचा. पुणं सायकलींचं शहर होतं असं आता कौतुकाने सांगतात, पण त्यात कौतुकाचं काही नव्हतं. दुसरं काही परवडत नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर नुसती चाकंच चाकं असायची. त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर सायकल चालवण्याचा आनंद वगैरे मला दिसल्याचं आठवत नाही. माणसं घरी चाललेली असायची.

काही कारण नसताना सायकल काढणं ही मात्र चैन होती, आणि ती आम्ही दोघी मैत्रिणी दर रविवारी करायचो. "तिकडे आहे काय?" असं आई विचारायची. "काही नाही," हे उत्तर तिला उद्धट वाटायचं. पण ते खरंच होतं. गणेशखिंड रस्त्याच्या वडांखालून विद्यापीठापर्यंत जायचं, तिथून डावीकडे पाषाणचा रस्ता धरायचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची लांबलचक हद्द संपली की ज्वारी सुरू. माझा पहिला पाय टेकायचा तिथे. घरापासून जेमतेम सात किलोमीटर.

पुढे पाषाणचा तलाव, सुतारवाडी आणि मग सूसच्या खिंडीचा चढ. त्या चढावर आम्ही उतरून सायकल ढकलत न्यायचो. यात कमीपणा आहे हे आम्हाला फार पुढे, गियरवाल्या लोकांकडून कळलं. खरं तर निम्म्या गप्पा त्या ढकलण्यातच व्हायच्या. खिंडीच्या माथ्यावर वारा अंगावर यायचा आणि पलीकडे सूसची कौलं दिसायची. तिथे शेरडं राखणारे एक आजोबा असत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पोरींनो, शाळा बुडवून आलाय व्हय?" रविवार आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग घरी कामं न्हाईत का?" याला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पोरी. ही झाली पहिली हाक. पुढे या रस्त्यावर माझं वय मला असंच इतरांकडून कळत गेलं.

१९९३ मध्ये आम्ही सुतारवाडीजवळ फ्लॅट घेतला. हे न लपवता लिहायला हवं. ज्या ज्वारीच्या कडेला मी पाय टेकायचे, तसल्याच एका रानात आमची चार मजली इमारत उभी राहिली. पुढच्या मागोव्यात जिथे जिथे मी शहर पुढे सरकलं असं म्हणेन, तिथे त्या सरकण्यात आमचे पाचशे चाळीस चौरस फूट धरून चालावेत. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे मी साधारण अर्धा गुंठा गिळला. गुंठ्याचा हिशोब त्या वर्षांत या भागात सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. रानं एकरात मोजायची सोडून गुंठ्यात मोजली जाऊ लागली. गळ्यात साखळी आणि दारात नवी गाडी अशा जमीनविक्यांना पुण्याने 'गुंठामंत्री' हा शब्द दिला. शब्द झकास आहे, पण तो नेहमी विकणाऱ्याच्याच नावाने निघतो. विकत घेणाऱ्यांसाठी तितका बोचरा शब्द काही कुणी काढला नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत क्रीडानगरी उभी राहिली आणि तिच्यामागे रस्ते आले. १९९७ मध्ये बाणेर, बालेवाडीसह अडतीस गावं पालिकेत घेतली गेली, त्यातली काही पुढे वगळलीही. माझा पाय आता खिंडीच्या माथ्यावर टेकू लागला. मुलाला पुढच्या छोट्या सीटवर बसवून मी संध्याकाळी तिथवर जायचे. शेरडंवाले आजोबा दिसेनासे झाले होते. त्यांच्या जागी रसवंतीची गाडी आली. रसवाला म्हणायचा, "ताई, बाळाला बिनबर्फाचा देऊ का?"

मग खिंडच फोडली. कात्रजहून देहूरोडला जाणारा बाह्यवळण महामार्ग तिथून गेला. पलीकडे हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या येत होत्या, २००२ पर्यंत मुंबईचा द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, आणि ज्या माथ्यावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नसे तिथे चोवीस तास ट्रकांची घरघर सुरू झाली. गंमत म्हणजे त्याला बाह्यवळण म्हणायचे. शहराच्या बाहेरून वळणारा रस्ता. दहा वर्षांत शहर त्याच्या दोन्ही बाजूंना होतं.

याच काळात मी सायकल सोडली. खेद वगैरे काही झाला नाही. स्कूटी घेतली, नोकरी वेळेवर गाठू लागले, हिरवी सायकल जिन्याखाली गंजली आणि एक दिवस भंगारवाल्याने ती उचलली. पुण्याच्या रस्त्यांवरूनही सायकली अशाच, कुणी काही न ठरवता, गेल्या. आधी कारकुनांच्या, मग कॉलेजच्या पोरांच्या, शेवटी कामगारांच्या.

२००९ मध्ये गुडघ्यांनी मला परत आणलं. चालणं कमी करा, सायकल चालवा, असा सल्ला मिळाला. दुकानात गेले तर सायकलींच्या किमती ऐकून मला स्कूटी स्वस्त वाटली. शेवटी एक साधी, सात गियरची, रुंद सीटची घेतली. आणि मग माझ्या आयुष्यातली या रस्त्यावरची सगळ्यात चांगली वर्षं आली, पंचेचाळिशीनंतर.

पाय आता नांद्याच्या अलीकडे टेकायचा. सूसच्या पुढे उतार लागतो. दोन्हीकडे बोडके डोंगर, मधे खाचरं. जूनच्या शेवटी चिखलणी चालू असते. बैलांचे पाय, ट्रॅक्टरची चाकं आणि माणसं सगळी एकाच रंगाची होतात. लावणीच्या दिवसांत बायका एका ओळीत वाकलेल्या असतात, डोक्यावर प्लॅस्टिकची इरली. सायकलची घंटी वाजली की एखादी मान वर करते, एवढंच. सप्टेंबरात कडेने तेरडा आणि टाकळा. आंबेमोहोर पोसवला की चांदे ते मुळखेड या पट्ट्यात एखाद्या वळणावर वास असा अंगावर येतो, की पायंडल मारायचं थांबतं आणि सायकल आपसूक चालू राहते. मोटारीत काचा खाली केल्या तरी तो वास नुसता येऊन जातो. पायी गेलं तर नाकाला त्याची सवय होते. तासाला दहा-बारा किलोमीटर हा त्याचा नेमका वेग आहे, असं माझं मत आहे. मुळा नदी त्या बाजूने कधी जवळ येते, कधी झाडीआड जाते. हिवाळ्यात हरभऱ्यावर दव असतं, तारांवर कोतवाल बसलेले असतात आणि एखादी टिटवी, आपण तिच्या अंड्यांना काहीही केलेलं नसताना, दूरपर्यंत शिव्या देत सोबत येते. फेब्रुवारीत डोंगराच्या उतारावर पळस आणि पांगारा. मे महिन्यात करवंदं, पानांच्या द्रोणातली, आणि ती विकणारी कातकरी मुलगी. द्रोण परत मागायची ती.

चेन पडली तर ती बसवायला कुणीतरी यायचंच. न बोलावता. हात काळे व्हायचे, मग हात पुसायला गवत, मग पाणी, मग "कुठल्या तुम्ही, मावशी?" मावशी हे पद मला तिथेच मिळालं, आणि ते ताईपेक्षा बरं होतं. मावशीला ओट्यावर बसवतात.

याच वर्षांत रस्त्यावर नवे सायकलवाले दिसू लागले. चित्रविचित्र घट्ट कपडे, हेल्मेट, बाटलीत रंगीत पाणी. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकेकट्याने केली. त्यानंतर तर पहाटे पाचला खिंडीत लाल दिव्यांची रांग लागायची. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर वगैरे त्यांची गणितं. मला त्यांचं कौतुक आहे, पण त्यांचा आणि माझा रस्ता एक असला तरी गाव एक नाही. एकाने मला ओलांडताना प्रेमाने विचारलं, "काकू, ॲव्हरेज किती?" मी म्हटलं, "दर किलोमीटरला एक चहा." तो हसला नाही. थांबायला त्याला वेळ नव्हता.

पालिकेचं लक्षही सायकलीकडे गेलं. २०१७ मध्ये सायकल आराखडा झाला. त्याच वर्षअखेर भाड्याच्या रंगीत सायकली फुटपाथवर आल्या, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. आठ आण्यांचा जुना धंदा नवे कपडे घालून परत आला होता. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या.

टाळेबंदीचं साल सगळ्यांनी सांगून झालं आहे, तेव्हा थोडक्यात. निर्बंध सैल झाले त्या २०२० च्या पावसाळ्यात मी एकदा मुद्दाम उलटी निघाले, शहराकडे. विद्यापीठ चौकात मधोमध थांबले आणि पाय टेकला. मागे वळून बघितलं नाही. तिथला उड्डाणपूल त्याच जुलैत मेट्रोसाठी पाडायला घेतला होता. पुलाविना आणि गर्दीविना तो चौक मला १९८१ सालचा वाटला, आणि तसं वाटल्याचं थोडं भयच वाटलं. त्या वर्षी दुकानांत सायकली मिळेनात. पुढच्या वर्षी त्याच सायकली बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत घालायच्या कामी आल्या.

३० जून २०२१ ला आणखी तेवीस गावं पालिकेत आली. सूस, म्हाळुंगे त्यात होती. सूसमधल्या एका दुकानदाराने मला बिस्किटाचा पुडा देताना सांगितलं, "काकू, आता आपण एकाच गावचे." बोलण्यात आनंद होता की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दक्षिणेला, चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने उडवला. स्फोट झाला तरी तो सगळा पडला नाही, उरलेला यंत्रांनी तोडावा लागला. मला त्या पुलाबद्दल उगाच आपुलकी वाटली.

नांद्यात आता पाय टेकत नाही. हिंजवडी-माणची गर्दी चुकवणाऱ्या गाड्या त्या बाजूने शिरतात. डंपर, पाण्याचे टँकर, काँक्रीटचे फिरते ड्रम घेऊन जाणाऱ्या गाड्या. कडेला खडी सांडलेली असते. त्याच खडीवर घसरून मी एकदा कोपर फोडून घेतलं आणि तेव्हापासून घरचे माझ्या रविवारांवर लक्ष ठेवून असतात. पुष्कळजण सायकल मोटारीच्या पाठीला अडकवून घोटावड्यापर्यंत नेतात आणि तिथून चालवायला लागतात. याला मी बरीच वर्षं हसत होते. गेल्या हिवाळ्यात मुलाने माझी सायकल त्याच्या गाडीला बांधली, तेव्हा निमूट पुढच्या सीटवर बसले.

घोटावड्याहून रिह्याच्या अंगाला मुलाने मला उतरवलं. दोन तासांनी न्यायला येतो म्हणाला. घरापासून वीसेक किलोमीटर. मी चालवत निघाले. भात कापून झालेला, खाचरांत नुसते सड, उडव्या रचलेल्या. एका बांधाशी मागे न बघता पाय टेकला. टेकल्यावर लक्षात आलं, की पाय एका दगडावर आहे आणि दगडाला लाल रंग फासलेला आहे.

उडवीपाशी काम करणारी बाई तिथूनच ओरडली, "आजी, जरा बाजूला उभ्या ऱ्हावा. मोजणीचा दगड हाय त्यो."

"कसली मोजणी?"

"रिंग रोडाची." तिने हातातल्या विळ्यानेच हवेत एक रेघ ओढली, तिच्या खाचरावरून, पलीकडच्या आंब्यावरून, डोंगराच्या कुशीपर्यंत. मग जवळ आली, सायकल निरखली, सीट दाबून बघितली. "या वयात येवढ्या लांब सायकलीवर? कुठल्या तुम्ही?"

"पाषाणच्या."

"पाषाणच्या म्हंजी? गाववाल्या का फ्लॅटवाल्या?"

"फ्लॅटवाल्या," मी म्हटलं.

"मग बसा की," ती म्हणाली आणि कळशीतून पाणी ओतायला वळली.