लग्नाची कॅसेट टीव्हीवर का चालत नाही?

व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली, लॅपटॉपवर छान दिसली आणि टीव्हीला लावल्यावर नुसता आवाज, पडदा काळा! फाइल खराबच असेल असं नाही. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. आतलं चित्र कोणत्या पद्धतीनं आवळलंय, म्हणजे कोडेक कोणता, हे डब्यावरून नेहमी कळत नाही. टीव्हीला तो कोडेक ठाऊक नसला की चित्र गायब. व्हीएलसी प्लेअर बहुतेक सगळं चालवतो आणि कोडेकची माहितीही दाखवतो. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल जवळपास कुठंही चालते. दुकानदाराकडे तीच मागावी.

अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडा दातेरी दिसतात, त्याचं कारण वेगळं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे खपून जायचं. संगणक दोन्ही हप्ते एकदम दाखवतो. पण दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात हात पुढे सरकलेला असतो. प्लेअरमधलं ‘डीइंटरलेस’ चालू करा, मूळ फाइलला हात लावू नका.

नवरदेव अचानक रुंद दिसू लागला, तर ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं गेलंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते सुधारतं.

आणि कुणी ‘फोर-के करून देतो’ म्हणालं, तर जादा पैसे देऊ नका. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. जे टेपवर नाहीच, ते येणार कुठून?