तेल आणि मुलामा : अठराव्या शतकातील उजेडाचा व्यापार

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एखाद्या सधन गृहस्थाच्या दिवाणखान्यात रात्री जो उजेड पडे, त्याच्यामागे दोन अगदी भिन्न प्रकारच्या व्यापाऱ्यांचे हात राबलेले असत : एकाने भर समुद्रात मारलेल्या देवमाशाचे तेल पिंपांत भरून आणलेले असे, तर दुसऱ्याने तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून त्या तेलासाठी दिवा घडविलेला असे. इतिहासग्रंथांत हे दोन व्यवसाय निरनिराळ्या प्रकरणांत येतात. परंतु ते एकत्र पाहिल्याखेरीज त्या काळच्या सुखवस्तू जीवनाचे आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीचे नीट आकलन होत नाही, असे माझे मत आहे.

तेलाच्या व्यापाराचे मुख्य ठाणे म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून दूर असलेले नॅन्टकेट हे वालुकामय बेट. तेथील क्वेकर पंथाच्या पेढ्या स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशामागे वर्षानुवर्षे गलबते धाडीत. या माशाच्या मस्तकातून निघणारा मेणासारखा पदार्थ हिवाळ्यात गोठू देत, मग लोकरी पिशव्यांत भरून दाबाखाली पिळून काढीत. ऐन थंडीत जे तेल पाझरून बाहेर पडे ते कडाक्याच्या गारठ्यातही दिव्यात पातळच राही, म्हणून त्याला सर्वांत चढा भाव मिळे, आणि पिशवीत उरलेल्या चोथ्याच्या शुभ्र, धूर न करणाऱ्या मेणबत्त्या होत. तेलाची पारख करणारा अडत्या हा हिवाळी माल कोणता आणि नंतरच्या पिळणीचा कोणता, हे बारकाईने पाहूनच सौदा करी. ज्या खलाशांनी हा माल जिवावर उदार होऊन मिळविला, त्यांना पगाराऐवजी नफ्यातला एक लहानसा हिस्सा मिळे आणि सफर फसली तर हाती फारसे काहीच लागत नसे. या व्यापाराच्या वैभवाचे वर्णन करताना ही गोष्ट गाळणे मला अन्यायाचे वाटते.

राजकारणाशी या तेलाचा संबंध किती निकटचा होता पाहा. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात ज्यांच्यावरील चहा समुद्रात फेकला गेला, त्या जहाजांपैकी ‘डार्टमथ’ आणि ‘बीव्हर’ ही रॉच या नॅन्टकेटच्या व्यापारी घराण्याची होती, आणि लंडनला देवमाशाचे तेल उतरवून परतताना त्यांनी तो चहा भरून आणला होता. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडने परक्या तेलावर टनामागे अठरा पौंडांहून अधिक जकात बसविली. तेव्हा अमेरिकेचे वकील जॉन अ‍ॅडम्स यांनी १७८५ मध्ये पंतप्रधान पिट यांच्यापुढे, आमचे तेल नाकारून आपण आपल्या रस्त्यांवर अंधार आणि चोऱ्या का पत्करता, असा रोखठोक सवाल टाकला. इंग्लंडने दाद दिली नाही. परंतु लाफायेतच्या खटपटीने, पॅरिसच्या रस्त्यांवरील दिव्यांचा मक्ता असलेल्या सांग्रेनशी बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा तेलाचा करार झाला.

आता दिव्याकडे वळू. १७४३ च्या सुमारास शेफील्डचा चाकू-सुऱ्या करणारा कारागीर टॉमस बोल्सोव्हर याच्या ध्यानात आले, की चांदी व तांबे तापवून एकजीव केले असता ते दोन्ही एकाच पत्र्यासारखे लाटता येतात. तांब्याची जाड वीट घासून लख्ख करावयाची, तिच्यावर तितक्याच स्वच्छ चांदीचा पत्रा ठेवावयाचा, कडांना टाकणखार लावून ती जोडी तारेने करकचून बांधावयाची आणि भट्टीत सरकवावयाची. मग भट्टीच्या दारातील छिद्राला डोळा लावून बसलेला कारागीर, सांध्यावर चांदी पाझरून चमकदार रेघ उमटताच क्षणाचाही विलंब न लावता वीट बाहेर ओढी. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला आणि तांबे १०८५ अंशांना वितळते, पण दोहोंचे मिश्रण ७७९ अंशांनाच वितळू लागते, या गुणावर ही सारी किमया आधारलेली होती. कापलेल्या कडेशी तांबडी रेघ दिसे, म्हणून तेथे चांदीची तार डाखावी लागे. सुरुवातीस यातून गुंड्या आणि लहान डब्या निघाल्या. पुढे समया, किटल्या, शमादाने असा सारा सरंजाम तयार होऊ लागला.

अशा मालात ग्राहकाची फसवणूक सोपी होती. म्हणूनच १७७३ च्या कायद्याने शेफील्ड व बर्मिंगहॅम येथे चांदी तपासण्याच्या सरकारमान्य कचेऱ्या स्थापन झाल्या तेव्हा मुलाम्याच्या वस्तूंवर अक्षरांचे ठसे मारण्यास मनाई झाली, आणि १७८४ मध्ये नोंदणी केलेल्या नावनिशाणीचीच मुभा मिळाली. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्याचा धनी मॅथ्यू बोल्टन याची निशाणी दोन सूर्यांची होती.

जिनिव्हाच्या एमे आर्गां याने १७८४ साली ज्या दिव्याचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, त्यात वात पोकळ नळीसारखी होती. आतून-बाहेरून हवा मिळे, वर काचेची चिमणी असे, आणि सहा ते आठ मेणबत्त्यांइतका प्रकाश पडे. हा दिवा बोल्टनने सोहोत मुलाम्याच्या पत्र्यातून घडविला. येथे तेल आणि मुलामा यांची गाठ पडली, कारण दिव्याची ही वात भरपूर तेल पिई आणि स्पर्म व्हेलच्या पातळ तेलावर ती उत्तम जळे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० मध्ये असे दिवे परदेशातून मागविले. आर्गांचे पेटंट मात्र १७८६ मध्येच रद्द झाले, नकला सर्वत्र पसरल्या, आणि तो १८०३ साली विपन्नावस्थेत वारला. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८०२ मध्ये, शांततेच्या तहाचा आनंद साजरा करण्यासाठी सोहो कारखाना विल्यम मर्डॉकच्या कोळशाच्या वायूने उजळला. आणि १८४० साली बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या साहाय्याने चांदी चढविण्याचे पेटंट घेतल्यावर शेफील्डच्या त्या जुन्या भट्ट्या एकेक करून बंद पडल्या.